देवळातलं नेट

आमच्या धनगरवाड्यावर नेट आलं तेव्हा फलकावर ‘घरोघरी इंटरनेट’ असं लिहिलं होतं. आला एकच वायफायचा डबा. तो कुणाच्या घरी लावायचा यावरून भांडणं जुंपली, तेव्हा वाड्यावरची शिकलेली म्हणून मीच शहाणपण पाजळलं: देवळात लावा, देव सगळ्यांचा. रीतीप्रमाणे देवाला फुलं लावून कौल घेतला, उजव्या बाजूचं फूल पडलं, म्हणजे देवाचा होकार, आणि डब्याला हार चढला. साहेब लोक फोटो काढून डिचोलीला गेले ते पुन्हा फिरकले नाहीत.

देवळाच्या भिंतीबाहेर नेट येत नसे, आणि मोबाइलची रेंज डोंगर उतरल्याशिवाय नाही. बाप्ये दिवसभर मंडपात लोळत व्हिडिओ बघायचे. देवाच्या पुढ्यात फोनवर कसल्या कसल्या बायका नाचायच्या, कोपऱ्यात गुटख्याच्या पिचकाऱ्या. त्याचा विटाळ मात्र कुणाला नव्हता. बघून मला किळस यायची.

माझ्या भाचीला नर्सिंगला जायचं होतं. शेवटच्या दिवशी तिचा दाखला घेऊन भाऊ साडेतीनला वर आला. अर्ज पाचला बंद होणार होता. डोंगर उतरेपर्यंत साडेपाच झाले असते. आणि पोर कालपासून बाहेर बसलेली, देवळाची पायरी चढायची नाही. मीच तिचा फोन घेऊन देवळात गेले, सगळं भरलं. शेवटी फोनने तिचाच चेहरा मागितला, तिथल्या तिथे, नेट चालू असताना, डोळे मिचकावून.

ती पायरीखाली उभी होती. “डबो भायर काढा,” भाऊ म्हणाला. जाणती माणसं म्हणाली, देवाला दिलेली वस्तू कौलाशिवाय हलत नाही, आणि कौल सोमवारी. लोळणाऱ्यांपैकी एकानेही मान वर केली नाही.

“आत्ये, तू तरी सांग गो तेंका. मी भितर येतंय.”

आता सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, “पुढच्या वर्षी भर गो.” मला माझ्याच जिभेची शिसारी आली, अजून येते.

पुढच्या वर्षी तिने कागद बाहेर काढलेच नाहीत. आता ती मांद्र्याला एका गेस्टहाऊसमध्ये खोल्या झाडते. गेल्या महिन्यात भेटायला गेले. बरी आहेस ना, विचारलं. पाहुण्यांचा संडास घासता घासता, वर न बघता ती म्हणाली, “आत्ये, हयसर संडासात सुद्धा नेट येता.”