अस्तरावरचा आळ

मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, कुठलीही गोष्ट आधी हुंगत. शाळेत खिचडीच्या पातेल्याचं झाकण त्यांच्यादेखतच निघायचं. तेलाचा डबा, फिनेलची बाटली, नव्या खडूंचं खोकंसुद्धा त्यांच्या नाकाखालून जायचं. बिलोली तालुक्यातल्या त्या शाळेवर मी रुजू झाले तेव्हा नेलेला पेढाही त्यांनी वास घेऊनच तोंडात टाकला. माझा चेहरा पाहून म्हणाल्या, "इस्वासातबी वास असतोच की. आधी तो घ्यायचा."

माणसांच्या बाबतीतही तेच. कुणी गोड बोललं की त्याला रजा हवी असणार, गप्प बसलं की काही लपवत असणार. व्हरांड्यात दोघीजणी हसल्या की बाईंची पावलं मंदावायची. आम्ही माघारी त्यांना सीआयडी म्हणत असू. पण एखादी मुलगी शाळेत येईनाशी झाली की तिच्या बापाने दिलेल्या कारणावरही त्यांचा विश्वास बसत नसे. त्या सरळ घरी जात आणि बहुतेक वेळा पोरीला घेऊनच येत. गावातल्या कितीतरी मुली त्या संशयामुळेच दहावीपर्यंत पोचल्या.

बाई कंधारकडच्या. घरात सरकारी नोकरी लागलेल्या पहिल्याच. खळीची सुती साडी, तिच्यावर नेमका जुळणारा ब्लाऊज, आणि भर मे महिन्यातही काखेत ओलाव्याचा डाग नाही. आम्ही पदराने वारा घेत असू आणि त्या कोरड्या. ते ब्लाऊज शिवायचे बिलोलीच्या बाजारातले रज्जाकभाई. बाईंच्या संशयातून सुटलेला हा एकच माणूस. माप न देता नुसतं कापड देऊन त्या निघून येत.

एका उन्हाळ्यात बाई हात अंगापासून लांब धरून चालू लागल्या. फळ्यावर लिहिणं टाळू लागल्या. मी विचारलं तेव्हा आधी उडवून लावलं, मग दार लोटून घेत म्हणाल्या, "काखेत आग होऊन राहिली."

आता संशयाला कामच मिळालं. साबण बदलला. धोब्याची खळ बंद केली. बोअरच्या पाण्यात काहीतरी आहे म्हणून दुसरीकडून पाणी आणवलं. आग थांबेना. शेवटी नजर नव्या ब्लाऊजच्या अस्तरावर गेली. रज्जाकभाईंनी हलकं अस्तर घातलं, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. रज्जाकभाईंनी अस्तर बदलून दिलं. तरी कातडी लाल ती लालच, वर सालं निघू लागली. बाई पुन्हा दुकानात गेल्या, मी सोबत होते. चार गिऱ्हाइकांसमोर त्यांनी रज्जाकभाईंना लबाड म्हटलं. म्हाताऱ्याने ब्लाऊजची नीट घडी घातली, त्यांच्या हातात दिली आणि हळूच म्हणाला, "बाई, आता दुसरीकडं शिवा."

पुढच्या आठवड्यात मी त्यांना नांदेडला कातडीच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. काखेत काय लावता, असं त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, काही नाही. डॉक्टरांनी परत विचारलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे, आणि सांगितलं: घाम बंद करणारा रोलऑन. रोज सकाळी, आंघोळ झाली की लगेच, ओल्याच अंगाला. केस काढले त्या दिवशीसुद्धा. दुपारी डबा खायच्या आधी पुन्हा एकदा.

डॉक्टरांनी समजावलं की त्यातले क्षार घामाची छिद्रं बंद करतात. ब्लेड फिरवलेल्या कातडीवर न दिसणाऱ्या चिरा असतात, त्यात आणि ओल्या अंगावर ते क्षार झोंबतात. वर त्यातला सुगंधही कुणाकुणाला सोसत नाही. तूर्त पूर्ण बंद करा. पुढे लावायचाच झाला तर बिनवासाचा, कोरड्या अंगाला, रात्री.

"मग इकू कशाला देतेत?" बाईंनी विचारलं. पुष्कळांना चालतो, तुम्हाला नाही चालला, एवढंच डॉक्टर म्हणाल्या. बाईंना ते पटल्यासारखं दिसलं नाही.

 परतीच्या एसटीत नायगाव मागे पडल्यावर बाई आपणहून बोलल्या. पहिल्या शाळेत त्या स्टाफरूममध्ये शिरल्या की एक बाई उठून खिडकी उघडायच्या. तोंडाने कधी काही नाही. "घाम तर समद्यायलाच होता," त्या म्हणाल्या. "खिडकी माझ्याच येळी उघडायची." तेव्हापासून त्या रोलऑनच्या बाटलीशिवाय घराबाहेर पडल्या नव्हत्या.

रोलऑन सुटला, आग शमली. बाई रज्जाकभाईंकडे गेल्या, गिऱ्हाइकं असतानाच, आणि माझी चूक झाली म्हणाल्या. रज्जाकभाईंनी चहा मागवला, बसवलं. पण डोळ्यांनी आता दिसत नाही, सून शिवते, असं म्हणून कापड सुनेकडे दिलं. बाहेर आल्यावर बाईंनी मला विचारलं, "डोळे खरंच गेले, का मनात हाय अजून?"

त्यानंतरच्या उन्हाळ्यांत त्यांच्या ब्लाऊजवर ओले डाग दिसायचे. त्या पदर ओढून घेत नसत. निवृत्त होऊन त्या नांदेडला मुलाकडे गेल्या.

गेल्या हिवाळ्यात रज्जाकभाई वारले. मी फोन केला तर बाई दुपारच्या गाडीने आल्या. सुनेजवळ बसल्या, तिचा हात हातात घेऊन. निघताना गल्लीच्या तोंडाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "त्यायनं मला माफ केलं असंल का गं?"

"केलं होतं, बाई," मी म्हणाले. "मला कधीच सांगितलं होतं त्यांनी."

त्यांनी माझ्या तोंडाकडे खूप वेळ पाहिलं.

"लबाड," त्या म्हणाल्या, आणि माझा हात धरून स्टँडकडे चालू लागल्या.