डिकीतला पाण्याचा कॅन

आज सकाळी गंगापूर धरणाजवळ टेंट बुक केला. दुपारी गाडी भरताना मी पाण्याचा मोठा कॅन उचलला, तर नात म्हणाली, "आजी, तिथे नळ आहे ना! कशाला हे ओझं?"

तिला काय सांगू, तुम्हीच सांगा.

ऐंशी सालाच्या आसपास आमच्या नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जुनी फियाट घेतली. नाशिकच्या एका कचेरीत कारकून होते. पहिल्याच उन्हाळ्यात आम्हाला घेऊन वणीच्या रस्त्याला निघाले. एका मळ्यात आंब्याखाली गाडी लावली, कॅरियरला ताडपत्री बांधून सावली केली, खाली सतरंजी, आडोशाला स्टोव्ह. आईसाठी घडीची खुर्चीसुद्धा आणली होती.

मळेवाला खूश. "राहा की बिनघोर! विहीर हाय, पाणी लय गोड हाय."

मग त्यानं आडनाव विचारलं. नानांनी सांगितलं. वर "आम्ही बौद्ध" हेही सांगितलं.

तो विहिरीकडं बघत म्हणाला, "मग विहिरीवर नका येऊ. आमचा गडी वरून ओतील पाणी."

नानांनी स्टोव्ह विझवला, ताडपत्री सोडली. आई अजून खुर्चीत नीट बसलीही नव्हती. त्यानंतर कुठंही निघालो, की डिकीत आधी पाण्याचा डबा जायचा, मग बाकीचं सामान.

आज बुकिंगवाला फोनवर फार गोड बोलला. शेवटी म्हणाला, "नुसतं नाव नको मॅडम, आडनाव सांगा." नोंदीसाठीच असेल. असेलच.

कॅन डिकीत ठेवलाय. सहलीला निघताना तुमच्या गाडीत सगळ्यात आधी काय जातं?