शपथ न घेणाऱ्या बाई

उत्तनजवळच्या चौक गावातल्या त्या बाई गेल्या महिन्यात वारल्या. वय नव्वदीच्या पुढे. जन्म इंग्रजी अमलातला, मध्य प्रांतातल्या इंग्रज मिशनरी घरातला, पंथाने क्वेकर. त्या पंथात पाद्री नाही. प्रार्थना म्हणजे एकत्र बसून गप्प राहणे. त्यांचे पती मासेमारी बोटींची इंजिने दुरुस्त करीत. ते वारल्यावरही बाई गाव सोडून गेल्या नाहीत. मराठी त्या कोळीण शेजारणींकडून शिकल्या आणि लहानथोर सर्वांना ‘तू’ म्हणत, कारण मोठेपणाची संबोधने त्यांच्या पंथाला मान्य नव्हती.

आमची ओळख बारा वर्षांपूर्वीची. घर मृत पतीच्याच नावावर राहिले होते, आणि तीस दिवसांत वारसनोंद न केल्यास ते बेवारस धरले जाईल, अशी नोटीस दारावर चिकटली होती. मी न्यायालयातला निवृत्त लिपिक; गोडदेवच्या घरी बसून कार्यालयांना पत्रे लिहिणे हा माझा उद्योग. एक शेजारीण मला त्यांच्याकडे घेऊन गेली. मी सवयीने शपथपत्र तयार केले: ‘मी ईश्वरास स्मरून शपथेवर लिहून देते की...’

बाईंनी ते वाचले आणि पेन माझ्याकडे सरकवले.

“ह्यावर मी सही करणार न्हाय. शपथ घेतली तरच मी खरं बोलते, असं होतंय ना ते?”

मी संतापलो. घर जाईल, हे त्यांना तीन प्रकारे सांगितले. त्यांना मरायचे होते ते त्याच घरात, हे त्यांनीही सांगितले. पण पेन उचलले नाही.

परतताना बसमध्ये मला आठवले, की कायद्यात शपथेऐवजी सत्यप्रतिज्ञा, म्हणजे ‘हे खरे आहे’ एवढेच सांगणे, चालते. तशी प्रतिज्ञा करणारे साक्षीदार मी स्वतः नोंदवले होते. चूक माझी होती. मी नवा मसुदा केला, तर कार्यालयातला लिपिक म्हणाला, छापील नमुन्यात शपथच आहे. मग मी पत्रे लिहिली. दोन निरुत्तर राहिली. तिसऱ्यात लिहिले, की सदर कर्मचारी एका वृद्ध विधवेस जाणूनबुजून छळत आहे. मुदतीला दोन दिवस उरले होते आणि त्या पत्रावर बाईंची सही हवी होती.

“जाणूनबुजून, हे तुला ठाऊक हाय?”

मी म्हणालो, असे लिहिल्याशिवाय वर कोणी वाचत नाही.

“मग खोड.”

ते वाक्य खोडल्यावर पत्रात कायद्याचे कलम आणि विनंती एवढेच उरले. असे मिळमिळीत पत्र मी कधी पाठवले नव्हते. शेवटच्या दिवशी अधिकाऱ्यांनी बाईंना आत बोलावले आणि मजकूर खरा आहे का, असे विचारले.

“हाय. तू वाचलंस ना?”

‘तू’ ऐकून अधिकारी गोंधळले, मग त्यांनी वारसनोंदीवर सही केली. बाहेर लिपिक मला हळूच म्हणाला, हे कलम त्याला कोणी दाखवलेच नव्हते. छापील ओळ बदलायला तो घाबरला होता.

बाई त्याच घरात वारल्या. अंगणात शेजारणी बाईंच्या पद्धतीने गप्प बसल्या होत्या. मीही बसलो. खिशात पाणीपुरवठ्याच्या तक्रारीचे मी लिहिलेले पत्र होते. त्यात ‘हेतुपुरस्सर’ हा शब्द दोनदा आला होता. घरी येऊन मी एक खोडला. दुसऱ्यासाठी माझ्याकडे पुरावा होता, म्हणून तो शब्द ठेवला.