भिंतीवरचा हरप्रसाद

विचारायचं एवढंच होतं, "काका, अहवालात तुमचं नाव छापायचं की झाकायचं?" टॅबलेटवर ठळक अक्षरांत लिहिलेला प्रश्न. संकेतने तो विचारलाच नाही. दोन तास बोलून झालं होतं, राधाबाई शेव घातलेल्या पोह्यांची बशी घेऊन दारात उभ्या होत्या, आणि त्याआधी मुलाखत दिलेल्या सगळ्या वार्ताहरांनी एकच सूर लावला होता, "भैया, नाम मत डालना." कुणाला वाळूवाल्यांची भीती, कुणाला ठाणेदाराची. हेही त्यातलेच, असं धरून त्याने 'झाकावे'वर बोट टेकवलं आणि टॅबलेट पुढे केला. "काका, इथे बोटाने सही करा, बस."

गोविंदराव लघाट्यांनी चष्मा शोधला नाही. घरच्यासारखा मुलगा, आपल्या भाषेतला. दाखवलं तिथे सही केली.

प्रकल्प बाहेरच्या एका विद्यापीठाचा होता. नाव एका दमात म्हणता येत नसे. अर्थ एवढाच, की तालुक्याच्या गावांतून शहरातल्या वृत्तपत्रांना बातम्या पुरवणारी माणसं कशी काम करतात. देविका मॅडम प्रमुख, संकेत सहायक. मॅडमना वाटे, झाशीत याला सगळे ओळखतात. सगळे ओळखत ते त्याच्या वडिलांना.

गोविंदराव राहायला झाशीत खंडेराव गेटजवळ, नोकरीला मोठ नावाच्या तालुक्याच्या गावी, धान्य मंडीत कारकून. सकाळची बस, संध्याकाळची बस आणि मधल्या वेळात बातमी. आधी झाशीकडे निघालेल्या बसच्या कंडक्टरच्या हाती लिफाफा, मग फॅक्स, मग मोबाइल. गव्हाचे भाव, गारपीट, शाळेचं उडालेलं छप्पर. सगळं छापून यायचं, वर 'संवाददाता, मोठ' एवढंच. सगळी नोकरी संपली, नाव कधी आलं नाही.

"एकदा आलं होतं की," राधाबाई पोहे वाढताना म्हणाल्या. "दाखवा ना त्याला. लाजताय कशास?"

गोविंदरावांनी कपाटातून प्लास्टिकमध्ये जपलेलं कात्रण काढलं. बोटभर चौकट, वर 'भूल-सुधार'. ट्रॅक्टर उलटल्याच्या बातमीत मृत म्हणून छापलेला इसम जिवंत असून इस्पितळात आहे. ही चूक मोठचे संवाददाता गोविंदराव लघाटे यांची.

"जित्या माणसाला मारलं, तेव्हा कुठे नाव लागलं," राधाबाई म्हणाल्या.

"शमिका, आमची नात, पुण्याला असते," गोविंदराव म्हणाले. "म्हणते, आजोबा, तुमच्या नावाची एक बातमी पाठवा ना, ऑफिसात दाखवते. काय पाठवू? हे?" मग संकेतकडे वळून म्हणाले, "तुमच्या पुस्तकात येईल ना रे? एकदा तरी धड गोष्टीसाठी येऊ दे."

संकेतच्या तोंडात पोह्यांचा घास होता. त्याने मान हलवली. होकार तर होकार. घरी जाऊन टॅबलेटवरची खूण बदलू, असं त्याने ठरवलं, आणि घरी जाऊन तो झोपला.

पुढे मॅडमनी सांगितलं, ज्यांची नावं झाकली आहेत त्यांना खोटी नावं द्या. ते कामही संकेतचंच. नावं वाटताना त्याला मजा वाटू लागली होती. शाळेतल्या मास्तरांची नावं एकेकाला चिकटवत तो गोविंदरावांपाशी आला आणि थबकला. आता बदलायचं म्हणजे मॅडमना सांगायचं, आणि सांगायचं म्हणजे पुढच्या प्रकल्पात आपल्याला कोण घेतंय? गणिताच्या मास्तरांचं नाव शिल्लक होतं. गोविंदराव हरप्रसाद झाले.

अहवाल निघाला. झाशीतच छोटा समारंभ ठेवला. गोविंदराव लोकरी कोट घालून आले. त्या उन्हाचा लोकरी कोट! राधाबाई ठेवणीतल्या पातळात. हॉलमध्ये शिरताच समोरच्या भिंतीवर भला मोठा फलक होता. मॅडमना सगळ्या मुलाखतींतलं जे वाक्य फार आवडलं, ते त्यावर छापलेलं:

'बातमी छापली की ती पेपरची. चुकली की माझी.'
हरप्रसाद, मोठ

गोविंदरावांनी ते दोनदा वाचलं. मग राधाबाईंना म्हणाले, "हा हरप्रसाद बोलतो झकास."

राधाबाई हसल्या नाहीत. "हे तर तुमचं बोलणं. कोण हा हरप्रसाद?"

संकेत खुर्च्या मोजत असल्यासारखा कोपऱ्यात उभा होता. गोविंदराव त्याच्यापाशी आले.

"काय रे, आमचं नाव?"

"काका, वो... नियम असतो. ज्याने झाकायला सांगितलं, त्याचं झाकतात."

"मी सांगितलं?" ते विचारात पडले. "तू विचारलं होतंस मला?"

एवढं सोपं होतं. नाही, एवढंच म्हणायचं. पलीकडे मॅडम पाहुण्यांना फुलं देत होत्या.

"विचारलं होतं, काका. तुम्ही सहीसुद्धा केली."

गोविंदरावांनी कपाळावरून हात फिरवला. "असेल बाबा. हल्ली राहत नाही लक्षात." आणि राधाबाईंकडे वळून, अगदी पडेल आवाजात म्हणाले, "चूक आपलीच आहे गं."

संकेतला वाटलं, आता तरी ते रागावतील. ते जरा वेळाने परत आले आणि धंद्यातल्या माणसासारखं रोखठोक बोलले, "हे बघ, चूक कुणाचीही असो, पेपर दुसऱ्या दिवशी भूल-सुधार देतो. तूही दे. दोन ओळी. 'हे वाक्य गोविंदराव लघाटे यांचं.' मोठ्या अक्षरांत नको. चौकट असली तर बरी."

"देतो, काका. पक्का."

समारंभानंतर संकेतने मॅडमना आडवळणाने विचारलं. झाकलेलं नाव उघडायचं तर समितीपुढे कारण लिहून द्यावं लागतं, त्या म्हणाल्या, कारण काय? कारण त्याला तोंडपाठ होतं. तो म्हणाला, "कुछ नहीं मॅडम, ऐसे ही पूछा."

मग खंडेराव गेटपाशी गाठ पडली की गोविंदराव लांबूनच विचारायचे, "निघाला का रे आमचा भूल-सुधार?"

"निघतोय, काका."

"दोन ओळींना इतका उशीर? आमचा संपादक असता तर तुला मोठला पाठवलं असतं." आणि स्वतःच हसायचे.

गेल्या आठवड्यात भाजीच्या गाडीपाशी दिसले. संकेतची तब्येत विचारली, वडिलांची विचारली, पुढच्या प्रकल्पात घेतलं म्हणून पाठ थोपटली. भूल-सुधाराचं विचारलं नाही. राधाबाईंच्या हातातली पिशवी घेऊन सावकाश निघून गेले.

दोन ओळी संकेतच्या मोबाइलमध्ये लिहून ठेवलेल्या आहेत. पहिली, वाक्य कुणाचं. दुसरी, चूक कुणाची. पहिली एकटीच पाठवावी, असं त्याच्या अनेकदा मनात येतं. पण भूल-सुधार दोन ओळींचा ठरला होता.