दहा कमी

कामावर त्याला सगळे 'दहाकमी' म्हणायचे. नव्या माणसाला वाटायचं, बिचारा डोक्यानं कमी असेल. तसं काही नव्हतं. त्याच्या टेपचं पुढचं टोक तुटलेलं होतं, एवढंच. कधीतरी कटरच्या पात्याखाली सापडली आणि पहिले आकडे उडाले. दुसरा कुणी असता तर नवी घेतली असती. हा मात्र दहाची रेघ कडेला धरायचा आणि येईल त्या आकड्यातून दहा वजा करायचा. ओटा दोनशे दहा आला तर दोनशे. फळी सत्तर आली तर साठ. वजाबाकी कधी तोंडानं नाही की कागदावर नाही. सगळी डोक्यात, श्वास घ्यावा तशी.

"अरे, नवी घे की," पॉलिशवाला म्हणायचा. "तुझ्या लग्नाच्या आधीची दिसते ही."

"आधीचीच आहे. म्हणून तर ऐकते माझं."

पंधरा वर्षं तो लोकांच्या स्वयंपाकघरात कपाटं बसवत होता. एकही दार परत न्यावं लागलं नव्हतं. घरी आला की शर्टातून भुसा पडायचा आणि बायको झाडू घेऊन त्याच्या मागं मागं फिरायची.

त्याला एकच पोरगी. तान्ही असताना गळ्यात हात घालून अशी लटकायची की सोडवता सुटायची नाही. म्हणून त्यानं तिचं नाव ठेवलं खुंटी. "माझ्या गळ्यातली खुंटी," म्हणायचा, आणि अख्खी गल्ली तिला खुंटी म्हणायला लागली.

पोरगी चुणचुणीत, तोंडानं तिखट, पण अंगानं एवढीशी. सहाव्या वर्षी तिनं टीव्हीवर त्या मोठ्या पार्कची जाहिरात बघितली. त्यात एक गाडी आकाशात जाऊन उलटी व्हायची. माणसं खाली डोकं वर पाय, आणि सगळी हसतायत. घरात त्या गाडीचं नाव पडलं 'उलटी गाडी'. त्या दिवसापासून खुंटीनं बापाचं डोकं खाल्लं. त्यानं चौकशी केली, तर उलट्या गाडीत बसायला उंची लागते एकशेवीस सेंटीमीटर.

"एकशेवीस झालीस की जाऊ," तो म्हणाला. "आपण तिघं, आत्या, सगळेच."

आपण काय बोलून बसलोय, ते त्याला दोन वर्षांनी कळलं. दर महिन्याला दाराच्या चौकटीशी उभं करून मापायचा, आणि रेघेवर रेघ यायला लागली. पोरगी आठ वर्षांची झाली आणि एकशेदहावर अडली. आत्याचा मुलगा वर्षानं लहान, तो तिच्या डोक्यावरून बघायचा. शेवटी डॉक्टरकडे नेलं. हाताचा एक्स-रे काढला, रक्त घेतलं. डॉक्टर चांगला होता बोलायला, पण बोलला तेच.

"वाढ खुंटलीये," म्हणाला. "औषध देऊन बघू. लागू पडेल, किंवा नाही पडणार."

खुंटलीये. डॉक्टरला काय माहीत घरात तिला काय म्हणतात ते! पण त्या दिवसापासून ते नाव बापाच्या तोंडून निघालं नाही. गल्लीनं हाक मारली तरी हा मान खाली घालायचा, जसं काही यानंच नाव ठेवून पोरीला बांधून टाकलं. रविवार आल्यावर त्यानं चौकट घासली आणि रंग मारून सगळ्या रेघा बुजवल्या. परत मापलं नाही. रोज सकाळी आई चमच्यानं कडू औषध द्यायची आणि पोरगी डोळे मिटून गिळायची. ते गिळणंच त्याला बघवायचं नाही. आठ महिने असेच गेले.

मग एका सकाळी तो घाईत निघाला आणि टेप घरी विसरला. पंधरा वर्षांत पहिल्यांदा.

संध्याकाळी दारातच पोरगी अंगावर आली. "बाबा! एकशेएकवीस!"

"काय एकशेएकवीस?"

"मी! आईनं डोक्यावर वही ठेवली, कपाटावर खूण केली, आणि मी मापलं. तुझ्यासारखं, दहा धरून!"

बायको मागं उभी होती, पदर डोळ्याला. "औषध लागू पडलं हो," म्हणाली. "मला रोज वाटायचं, फुकट पाजतेय. अकरा सेंटी वाढली!"

त्यानं कपाटाकडं बघितलं. खूण बघायची पण गरज नव्हती. ज्याचं आयुष्य मापण्यात गेलं, त्याला नजरेनंच कळतं. खूण एकशेअकरावर होती. पोरगी बापाचं बघून बघून दहा धरायला शिकली होती. वजा करायचे असतात हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं, कारण ते तो कधी तोंडानं बोललाच नव्हता.

तिथंच सांगायला पाहिजे होतं. पण त्यानं दोघींची तोंडं बघितली. "वा," म्हणाला तो. एवढंच. त्याला कुणी भित्रा म्हणेल तर म्हणो. ज्यानं म्हणायचं त्यानं त्या दारात त्या दोघींसमोर उभं राहून दाखवावं.

तो 'वा' म्हणेपर्यंत आत्याला फोन जाऊन तास झाला होता. आत्या म्हणजे त्याची धाकटी बहीण. विचार नंतर, काम आधी. तिनं पुढच्या महिन्यातल्या शनिवारची सगळ्यांची तिकिटं काढून पण टाकली.

"दादा, आता कारणं सांगू नकोस," फोनवर ओरडली. "तारीख बदलत नाही आता. आणि दुपारचं ऊन असतं, टोप्या घ्या. तुझी ती भोकाची नको!"

मग घरात दुसरा विषयच उरला नाही. कुठली बस, किती वाजता उठायचं, पाण्याच्या बाटल्या किती, आईला गाडी लागते तर पुढची सीट. पोरगी कागदावर लिहून काढायची कशात आधी बसायचं, कशात नंतर. उलटी गाडी तीनदा लिहिली होती. आत्याचा मुलगा घरी आला तर त्याला तोंडावर म्हणाली, "घाबरलास तर माझा हात धर. पण चावायचं नाही."

बाप जेवताना मान हलवायचा. रात्रभर कूस बदलायचा. पहिल्यांदा त्यानं चोरवाट शोधली. कॉर्कचे तुकडे तासून तिच्या बुटात बसतील असे उंचवटे केले. चार सेंटी निघाले. केस वर बांधले तर दोन. अजून तीन हवेत. बूटच बदलला, जाड तळव्याचा घेतला, तर जमत होतं. दारावरच्या माणसाच्या डोळ्यात धूळ फेकता आली असती.

पण आयुष्यभर माप पाळलेला माणूस तो. कुणीतरी कुठंतरी बसून एकशेवीस लिहिलंय, ते उगाच लिहिलेलं नसणार, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? नऊ सेंटी कमी पडले तर फळी खाली येते. इथं फळी नाही, पोरगी बसणार.

रविवारी दुपारी त्यानं वर्कशॉपात उरलेल्या प्लायची खुर्ची ठोकली. समोर आडवा दांडा, उलट्या गाडीत असतो तसा, बिजागरीवर, मांडीवर येऊन बसेल असा. भाच्याला आधी बोलावून त्याच्या मापानं दांडा बसवला होता. भाचा एकशेबावीस. दांडा त्याच्या मांडीवर घट्ट बसला. खुर्ची मागं पुढं कलती केली, पोरगा हलला नाही.

"मामा, मी अडकलो!"

"अडकलास तेच बरंय. जा घरी."

मग पोरीला आणली, कॉर्कचे बूट घालून. तिला वाटलं सराव चाललाय. खुशीत चढून बसली. त्यानं दांडा खाली ओढला. दांडा आणि तिच्या मांडीमध्ये त्याची मूठ आरामात जात होती. पायात कितीही कॉर्क घाला, मांडी काही वर येत नाही. हे त्याला आधी कसं सुचलं नाही, देव जाणे. एक हात तिच्या खाली धरून त्यानं खुर्ची कलती केली. हळूच. अर्धीसुद्धा नाही.

पोरगी दांड्याखालून सर्रकन निसटली आणि त्याच्या हातात आली.

"बाबा, परत!" ती खिदळत म्हणाली. "परत कर ना!"

तो भुशातच खाली बसला. ती गळ्यात पडली तर तिला तसंच धरून राहिला.

"काय झालं?"

"टेप आण," तो म्हणाला. "आणि बूट काढ."

तिला भिंतीशी उभी केली, खूण केली, टेप तिच्याच हातात दिली. तिनं दहा धरले. वाचलं. "एकशेएकवीस. बघ, आहे की!"

"आता त्यातून दहा वजा कर."

"का?"

"टेप तुटलीये ना पुढून. ते दहा नसतातच. मी रोज वजा करतो, मनात. तुला कधी सांगितलंच नाही."

पोरगी हुशार होती, वजाबाकीला काही वेळ लागला नाही. तिचे ओठ हलले, मग थांबले. तिनं टेप सोडून दिली, ती सुर्रकन आत गेली.

"तुला कधी कळलं?"

"त्याच दिवशी."

"मग 'वा' का म्हणालास?"

त्यानं खाली वाकून बूट तिच्यापुढं सरकवले. तिनं बूट हातात घेतले आणि अनवाणीच घरी निघाली. तो चार पावलं मागून. दारात शिरल्या शिरल्या तिनं आईला सांगितलं, "आई, दहा वजा करायचे राहिले होते." बातमी सांगावी तसं, सरळ आवाजात.

आई भाजी चिरत होती. सुरी थांबली. तिनं नवऱ्याकडं बघितलं, नवऱ्यानं जमिनीकडं. मग ती उठली, औषधाची बाटली फडताळातून काढून उजेडात धरली, किती उरलंय ते बघितलं आणि परत ठेवून दिली. सकाळी चमचा भरून पोरीच्या तोंडाशी नेला. पोरीनं गिळलं.

चार दिवस पोरगी बापाशी बोलली नाही. आत्या येऊन आरडली, भांडली, म्हणाली, "अरे, तिथं कोण एवढं बघतंय!" तर त्यानं तिला नेऊन खुर्ची दाखवली. तिनं दांड्याखाली हात घालून बघितला. जाताना पार्कचा एक मोठा नकाशा ठेवून गेली. "यायचं तर या," म्हणाली. "आमचं पोरगं आम्हाला न्यावंच लागेल."

पाचव्या दिवशी पोरगी त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"मी येणार. पण एक अट आहे."

"बोल."

"मला परत कुणी मापायचं नाही. तिथं दारात पट्टी असते ना, माणूस उभं करतो. तिथं मला उभं करायचं नाही."

"नाही करणार."

"कुठल्याच दारात नाही. छोट्या गाड्यांच्या पण नाही. सगळ्यांसमोर नाही."

"शब्द देतो."

ती गेल्यावर त्यानं नकाशा जमिनीवर पसरला आणि कानामागची पेन्सिल काढली. जिथं जिथं पट्टीचं चिन्ह होतं, तिथं तिथं फुली मारली. मग मागं सरून बघितलं. तळं उरलं होतं, पण होड्यांवर फुली. जेवायची जागा उरली, दोन दुकानं उरली, बाकी बाकडी आणि संडास. एवढ्यावर सकाळी दहा ते संध्याकाळी सात काढायचे होते.

बायको येऊन शेजारी बसली. रविवारपासून पहिल्यांदा.

"ही वाट नको," तिनं बोट ठेवलं. "उलटी गाडी इथून दिसते."

त्यानं ती वाट पण खोडली, आणि दोघं मिळून तळ्याकडे जायची दुसरी वाट शोधायला लागले.