चवीची मूठ

रविवार कारंज्याजवळच्या चिवडेवाल्या काकांचे हिशोब मी बघते. मी आकडे वाचते तेव्हा ते भजन ऐकावं तसे डोळे मिटून बसतात आणि नफा आला की मान डोलावतात.

एकदा मी म्हटलं, "काका, गिऱ्हाइकाला चव बघायला मूठभर चिवडा देता ना, त्यातच नफा चाललाय."

काकांनी डोळे उघडले. स्वतःच्या पंजाकडे बराच वेळ बघितलं. "पंजा मोठाच आहे हो माझा," म्हणाले. चव देणं बंद करावं, हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून काउंटरवर काकू उभ्या राहिल्या. का, तर त्यांची मूठ लहान.

पुढच्या हिशोबात चवीचा खर्च चक्क वाढलेला. "एवढ्याशानं काय कळतंय?" म्हणत काकू प्रत्येकाला दोन-दोन मुठी देत होत्या.

या वेळी काकांनी डोळे मिटलेच नाहीत. काउंटरकडे चोरून बघत हळूच म्हणाले, "मॅडम, हा आकडा तिला तुम्हीच सांगा."

मी तावातावानं गेले. काही बोलायच्या आत काकूंनी माझी ओंजळ भरली.

आकडा अजून माझ्याकडेच आहे.