लाटण्याचा उंबरा

काल माझ्या मुलाच्या, सुधीरच्या, बदलापूरच्या नव्या ब्लॉकमध्ये माझ्या नातवाने रांगत उंबरा ओलांडला. रीतीप्रमाणे मी उंबऱ्यावर नारळ फोडला. ओल्या खोबऱ्याचा वास आला आणि मला उल्हासनगर कॅम्पातली आमची बराक आठवली.

तिथे आमच्या आणि शेजारच्या देवीबाईंच्या बिऱ्हाडांच्या मध्ये नुसतं गोणपाट टांगलेलं होतं. सुधीर दीड वर्षाचा झाला तरी बसल्या जागचा हलेना. मी नुसती काळजी करत बसे. देवीबाई मात्र रोज मोहरीच्या तेलाने त्याचे पाय चोळायच्या. एका दुपारी त्या पलीकडे फुलके लाटत होत्या. सुधीर भिंतीला धरून उठला आणि डुलत डुलत, गोणपाट बाजूला सारून, थेट त्यांच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला.

मी आनंदाने रडले आणि मग हिरमुसले. म्हटलं, "उंबरा ओलांडला की नारळ फोडतात आमच्यात. इथे उंबराच कुठाय?"

सिंधमधलं घरदार मागे टाकून आलेल्या त्या बाईने हातातलं लाटणं गोणपाटाखाली आडवं ठेवलं. "ये लो तुम्हारा उंबरा. फोडो!"

काल सूनबाईने विचारलं, "आई, नारळ फोडायच्या आधी उंबऱ्यावर लाटणं कशाला ठेवलंत?"

"देवीबाईंना बोलावलं गं," मी म्हटलं.